पार्सल आपल्या दारी, कर कोणाच्या घरी?



आज आपण कराविषयी बोलणार आहोत. कराचे नाव काढले की माणसे तोंड फिरवतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हे बोलणे घरपट्टीचे नाही, पाणीपट्टीचेही नाही. आपण दुकानातून वस्तू घेतो. त्या वस्तूच्या किमतीत एक कर असतो. त्याविषयी हे बोलणे आहे. त्यातही एकच प्रश्न आपण धरणार आहोत. दुकान परराज्यात आहे आणि माल आपल्या गावात आला. मग त्या मालावरचा कर कोणाचा? दुकानाच्या राज्याचा, की आपल्या राज्याचा?

पूर्वी हा प्रश्न गावात कोणाला फारसा पडत नव्हता. मिठापासून कापडापर्यंत सगळे बाजाराच्या दिवशी तालुक्याला मिळे. आता तसं राहिलं नाही. घरातली पोर मोबाईलवर बोट फिरवते. चार दिवसांनी हरियाणातून मिक्सर येतो, सुरतेहून साडी येते. पार्सलवाला फटफटीवर येतो, पार्सल देतो आणि जातो. पेठेतला दुकानदार हे बघत बसतो. त्याला वाटते, याला कर नसणार, म्हणूनच हे स्वस्त पडते.

आपल्या देशात आज हे खरे नाही. पण अमेरिकेत ते पन्नास वर्षे खरे होते. तिथल्या दुकानदारांनी आणि राज्यांनी त्यापायी फार सोसले. म्हणून आधी तिकडची हकिकत सांगतो. मग आपल्या घरी येऊ.

अमेरिकेत ५० राज्ये आहेत. विक्रीकर तिथे राज्य लावते. त्यावर शहर आणि जिल्हा आपापला थोडा भर घालतात. पाच राज्ये सोडली तर बाकी सगळीकडे राज्याचा विक्रीकर आहे. तिथे कर किमतीत मिसळत नाहीत. वस्तूच्या चिठ्ठीवर १०० डॉलर लिहिलेले असले, तर पैसे देताना दुकानदार वर कर लावतो आणि १०५ किंवा १०७ मागतो. तो वरचा पैसा दुकानदाराचा नव्हे. तो राज्याचा. दुकानदार नुसता गोळा करून भरतो.

आता तिथे टपालाने माल विकण्याची रीत जुनी आहे. कंपन्या जाड सूचीपत्र छापायच्या. त्यात कपड्यांची चित्रे असायची, किमती असायच्या. शेतकरी घरबसल्या पत्र लिहून माल मागवायचा. नॅशनल बेलास हेस नावाची अशीच एक कंपनी मिसुरी राज्यात होती. ती शेजारच्या इलिनॉय राज्यात सूचीपत्रे पाठवी आणि माल विकी. इलिनॉय राज्याने सांगितले, आमच्या लोकांना माल विकता, तर आमचा कर गोळा करून भरा. कंपनी कोर्टात गेली. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनीचे त्या राज्यात दुकान नाही, गोदाम नाही, विक्रीला फिरणारा माणूस नाही. माल नुसता टपालाने जातो. मग ते राज्य तिच्यावर कर गोळा करण्याचे ओझे टाकू शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालात काही अर्थच नव्हता असे नाही. तिथे हजारो शहरे आणि जिल्हे. प्रत्येकाचा कर निराळा. नियमही चमत्कारिक. न्यू जर्सी राज्यात लोकर स्वेटर विणायला घेतली तर कर नाही आणि शोभेची वस्तू करायला घेतली तर कर आहे. दूरच्या दुकानदाराने हे सगळे कसे ध्यानात ठेवायचे?

पण त्या निकालाने वाट मोकळी झाली. कर माफ झाला नव्हता, हे नीट ध्यानात घ्या. कायदा असा होता की दुकानदाराने कर घेतला नाही, तर गिऱ्हाइकाने स्वतः हिशेब करून तो राज्याला भरावा. त्याला वापर-कर म्हणत. आता तुम्हीच सांगा. घरी बसून कोण असा हिशेब करील आणि कोण आपण होऊन पैसे भरायला जाईल? फार थोडे लोक भरत. गुन्हा लहान, पकडणार कोण, म्हणून सगळे गप्प.

१९९२ साली पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. क्विल नावाची कंपनी कचेरीचे सामान विके. कागद, फायली, असली जिन्नस. नॉर्थ डकोटा या लहान राज्यात तिची सुमारे ३,००० गिऱ्हाइके होती. वर्षाला जवळजवळ १० लाख डॉलरचा माल ती तिथे विकी. त्या राज्यात कचेरीचे सामान विकणाऱ्यांत तिचा नंबर सहावा होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने जुनाच निकाल कायम ठेवला. दुकान नाही, तर कर गोळा करण्याची सक्ती नाही.

आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९५ साली, ॲमेझॉन कंपनीने संगणकावरून पुस्तके विकायला सुरुवात केली. पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. सूचीपत्रांच्या काळात जी गळती थेंबाथेंबाची होती, तिचा ओढा झाला.

आता साउथ डकोटा राज्याकडे चला. हे राज्य नॉर्थ डकोटाच्या खाली आहे. विस्ताराने ते आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश भरेल. पण वस्ती किती? २०२० च्या शिरगणतीत ९ लाखही भरली नाही. गहू, मका, सोयाबीन आणि गुरे, हा तिथला मुख्य व्यवसाय. त्या राज्यात उत्पन्नावर राज्याचा कर नाही. त्यामुळे राज्याच्या तिजोरीचा अर्ध्याहून जास्त भार विक्रीकरावर आहे. विक्रीकर गळाला की शाळा, रस्ते, पोलीस, सगळ्यांच्या पोटाला चिमटा.

आम्ही शाळेत नोकरी केलेली, म्हणून पुढची गोष्ट आमच्या मनात राहिली. साउथ डकोटात शिक्षकांचे पगार साऱ्या देशात तळाला होते. शिक्षक शेजारच्या राज्यात निघून जात. म्हणून २०१६ साली राज्याने विक्रीकर ४ टक्क्यांवरून साडेचार टक्के केला. त्यातला मोठा वाटा शिक्षकांच्या पगारासाठी ठेवला. चांगले काम केले. पण गंमत बघा. कर वाढला तो फक्त गावातल्या दुकानदाराच्या पावतीवर. दूरचा दुकानदार मोकळाच. एका कंपनीने तर जाहिरातीत सांगितले होते की आमच्याकडे घेण्यात हाच मोठा फायदा, विक्रीकर आकारावा लागत नाही. गावातला दुकानदार खुर्ची दाखवी, त्यावर बसू देई, लाकूड कसले ते समजावून सांगे. गिऱ्हाईक सगळे ऐकून घरी जाई आणि कर वाचवायला बाहेरून मागवी. मुलांची शाळा, दारचा रस्ता, अडीनडीला धावणारा पोलीस, हे मात्र त्या गिऱ्हाइकाला गावचेच हवे असत.

या गळतीने वर्षाला ४ कोटी ८० लाख ते ५ कोटी ८० लाख डॉलर बुडतात, असा त्या राज्याचा अंदाज होता. तेव्हा त्याच २०१६ साली राज्याने आणखी एक कायदा केला. ज्या परराज्यातल्या दुकानदाराने आमच्या राज्यात वर्षाला १ लाख डॉलरहून जास्त माल विकला, किंवा २०० वेळा माल पाठवला, त्याने आमचा कर गोळा करून भरलाच पाहिजे. मागची बाकी मागणार नाही, इथून पुढे भरा. सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाविरुद्ध हा कायदा आहे, हे करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तो निकाल मोडून काढण्यासाठीच हा कायदा होता. राज्याने वेफेअर, ओव्हरस्टॉक आणि न्यूएग या तीन कंपन्यांवर दावा लावला. वेफेअर घरसामान विके, न्यूएग संगणक विके. २०१७ साली राज्य आपल्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. हरायचेच होते, कारण वरचा निकाल खालच्या कोर्टावर बंधनकारक असतो. मग ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

२१ जून २०१८ रोजी निकाल लागला. नऊ न्यायमूर्तींपैकी पाच राज्याच्या बाजूने, चार विरुद्ध. निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. १९९२ साली क्विल कंपनीला जिंकवणाऱ्या न्यायमूर्तींत हेच केनेडी होते. आता त्यांनी लिहिले की जुना नियम चुकीचा आहे. राज्यात दुकानाची भिंत आहे की नाही यावर कर ठरू नये. जो त्या राज्यात मोठा व्यापार करतो, त्याने त्या राज्याचा कर गोळा करावा. विरुद्ध गेलेल्या चौघांतर्फे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मत लिहिले. जुना नियम चुकीचा होता हे त्यांनाही मान्य होते. पण तो बदलायचा तर कायदेमंडळाने बदलावा, न्यायालयाने नव्हे, असे त्यांचे म्हणणे. लोकरीचा दाखला आम्ही वर दिला, तो त्यांच्याच मतातला आहे.

एका लहान राज्याने दावा जिंकला आणि साऱ्या देशात पाट फुटला. विक्रीकर असलेल्या राज्यांनी एकामागून एक तसेच कायदे केले. अगदी शेवटी मिसुरीने केला. तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. ज्या मिसुरीतल्या कंपनीने १९६७ चा दावा जिंकला होता, तेच हे मिसुरी. राज्यांनी आणखी एक शहाणपण केले. मोबाईलवरच्या मोठ्या बाजारात हजारो लहान दुकानदार बसतात. त्यांच्या मागे कोण धावणार? म्हणून ज्याचा तो बाजार, त्या कंपनीनेच सगळ्यांचा कर गोळा करून भरावा असे ठरवले. साउथ डकोटाने स्वतःची २०० वेळांची अटही १ जुलै २०२३ पासून काढून टाकली. दोनशे बारीकसारीक वस्तू विकणारा गरीब उदमी त्यात विनाकारण अडके. १ लाख डॉलरची अट तेवढी ठेवली.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्याकडे १९५६ साली केंद्रीय विक्रीकराचा कायदा झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला तर कर कोणाचा, ते त्यात ठरवले होते. आपल्याकडचा नियम अमेरिकेच्या उलटा होता. तिथे कर कोणालाच मिळत नव्हता. इथे तो माल जिथून निघाला त्या राज्याला मिळे. बंगळूरच्या दुकानातून रेडिओ आला तर कर कर्नाटकाचा. जिथे तो रेडिओ वाजणार त्या राज्याला काही नाही.

महाराष्ट्राचे यात नुकसान नव्हते, हे खरे बोलले पाहिजे. आपल्याकडे कारखाने पुष्कळ. आपला माल देशभर जाई आणि कर आपल्या तिजोरीत येई. सोसावे लागे ते बिहारसारख्या राज्याला. तिथे कारखाने थोडे आणि माल घेणारी माणसे फार. गिऱ्हाईक त्यांचे, पैसा त्यांचा, कर दुसऱ्याचा.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. आपण त्याला जीएसटी म्हणतो. त्याने हा नियम फिरवला. माल जिथे पोचतो, जिथे वापरला जातो, त्या राज्याचा कर. त्याच दिवशी मुंबईच्या वेशीवरची जकातही संपली. महाराष्ट्रासारख्या कारखानदार राज्यांना तूट येईल ही भीती होती. म्हणून केंद्राने राज्यांना पाच वर्षे, जून २०२२ पर्यंत, भरपाई द्यायचे कायद्याने कबूल केले. आमच्या मते हा बदल न्यायाचाच होता. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी न्यायाचा होता. ज्या राज्याच्या रस्त्यावरून पार्सल आले, ज्या राज्याच्या शाळेत ते घेणाऱ्याची पोरे शिकतात, कर त्याच राज्याला मिळाला पाहिजे.

हे कागदावर कसे दिसते, ते पाहू. आपण वाचायला शिकलो ते पावती वाचता यावी म्हणूनही.

मिक्सरची मूळ किंमत २,००० रुपये धरा. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ३६० रुपये. तुम्ही देणार २,३६०. मिक्सर महाराष्ट्रातल्या दुकानातून घेतला, तर पावतीवर कराच्या दोन ओळी असतील. एक केंद्राची, १८० रुपये. एक राज्याची, १८० रुपये. तोच मिक्सर हरियाणातल्या दुकानातून आला, तर कराची एकच ओळ असेल, ३६० रुपयांची. तिला आयजीएसटी म्हणतात. हे पैसे आधी केंद्राकडे जातात. त्यातले १८० केंद्र ठेवते आणि १८० महाराष्ट्राला देते. हरियाणाला त्यातले काही मिळत नाही. तुमच्या खिशातून दोन्ही वेळा सारखेच पैसे गेले. राज्याला दोन्ही वेळा सारखेच मिळाले. म्हणजे पेठेतल्या दुकानदाराला आम्ही सांगू, बाबा, तुझे गिऱ्हाईक कराने नेले नाही. मोठ्या कंपनीला घाऊक भावात माल मिळतो, ती सूट देते, त्याने नेले. तो झगडा निराळा.

पावती बहुतेक वेळा इंग्रजीत असते. तरी बिचकू नका. इंग्रजी आकडे तर आपण मोबाईलवर रोज बघतो. पावतीवर दुकानदाराचा पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्य सांगतात. २७ म्हणजे महाराष्ट्र. २४ गुजरात, २९ कर्नाटक, ३० गोवा. हरियाणाचा ०६. पहिले दोन आकडे वाचले की दुकान कुठले ते कळले. कराच्या ओळी मोजल्या की कर कसा गेला ते कळले.

यात पत्त्याला फार महत्त्व आहे. समजा, खानदेशातला एक मुलगा सुरतेला कामाला आहे. तो तिथून मोबाईलवर आईसाठी पंखा मागवतो आणि पाठवायचा पत्ता गावचा देतो. पैसे सुरतेहून दिले. मग कर गुजरातचा की महाराष्ट्राचा? २०२४ साली केंद्राच्या कर मंडळाने खुलासा केला की माल जिथे पोचवायचा, तो पत्ता धरावा. म्हणजे कर महाराष्ट्राचा. पण पावतीवर पत्ता, निदान राज्याचे नाव तरी, असले पाहिजे. ते नसेल तर दुकानदाराचेच राज्य धरले जाते. म्हणून आपले राज्य आणि पिनकोड नीट लिहा.

दूरचा दुकानदार कर बुडवणार नाही कशावरून? त्यालाही तोड आहे. मोबाईलवरचा बाजार चालवणारी कंपनी दुकानदाराला पैसे देते, तेव्हा त्यातून थोडी रक्कम कापून सरकारात भरते. १ ऑक्टोबर २०१८ पासून हे चालू आहे. आधी शंभराला एक रुपया कापत, १० जुलै २०२४ पासून पन्नास पैसे. रक्कम लहान आहे. पण त्यामुळे कोणी किती विकले याची नोंद सरकारदरबारी होते. मग लपवायला जागा राहत नाही.

गावातल्या सगळ्याच दुकानांना हा क्रमांक नसतो. वर्षाला ४० लाखांपर्यंत मालाची उलाढाल असलेल्या लहान दुकानदाराला राज्यातल्या राज्यात विकायला क्रमांक लागत नाही. त्याने पावतीवर जीएसटी लावायचाही नसतो. क्रमांक नाही आणि तरी कर लावला, तर तो पैसा सरकारचा नव्हे, त्याच्या खिशातला. तिथे विचारायला लाजू नका. क्रमांक असलेल्या दुकानात २०० रुपये किंवा त्याहून जास्त माल घेतला, तर पक्की पावती मिळालीच पाहिजे. बिनपावतीचा माल म्हणजे आपल्याकडची तीच जुनी अमेरिकेतली गळती. फरक इतकाच की ती आपल्या पेठेतच होते.

आता एका गोष्टीत आमचे मन कायद्याशी जुळत नाही. ती सांगून टाकतो. महिला बचत गट मसाला करतो. वर्षाची विक्री ३ लाख. गटाने तो राज्यात विकला तर क्रमांक लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोबाईलवरच्या बाजारातून राज्यातल्या राज्यात विकायलाही लागत नाही. त्या बाजारासाठी एक साधी नोंद करावी लागते. पण त्याच गटाने मसाल्याचे एक पाकीट सुरतेच्या गिऱ्हाइकाला विकले, की पहिल्या पाकिटापासून पुरी नोंदणी, विवरणपत्रे, सगळे आले. काही ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे. मसाल्याला नाही. साउथ डकोटा आता १ लाख डॉलरच्या आतल्या दूरच्या विक्रेत्याला हातही लावत नाही. आपल्या बचत गटाला एका पाकिटाचीही सूट नाही. आमच्या मते इथेही एक हद्द आखली पाहिजे. तिच्या आत लहान माणसाला मोकळे ठेवले पाहिजे.

तोवर गटांनी इतके करावे. परराज्यातली पहिली मागणी आली की माल पाठवण्याआधी तालुक्याला कर सल्लागाराला भेटावे. नोंदणीला सरकार फी घेत नाही. सल्लागार आपली मजुरी घेतो, ती आधी ठरवून घ्यावी. क्रमांक मिळाल्यावर विवरणपत्र ठरल्या तारखेला जाते की नाही, हे गटातल्या एका शिकलेल्या बाईने वहीत लिहून ठेवावे. विक्री काही झाली नाही तरी कोरे विवरणपत्र भरावेच लागते. उशीर झाला तर दर दिवसाचा दंड चढतो.

(हे व्याख्यान वाचून झाल्यावर घरातली एखादी पावती आणा आणि वर्गात मोठ्याने वाचा.)